मुंबईच्या गॅलरीत बियांपासून अ‍ॅस्परॅगस

अ‍ॅस्परॅगस ही कोवळ्या हिरव्या कोंबांची भाजी. तिचा कोंब कापला की त्यातली साखर लगेच कमी व्हायला लागते आणि बुडाकडून तंतू चिवट होत जातात. क्रॉफर्ड मार्केटात किंवा वांद्र्याच्या पाली मार्केटात मिळणारी जुडी कितीही हिरवीगार दिसली, तरी तिचा प्रवास झालेला असतो. म्हणून खालचा तिसरा हिस्सा टाकावा लागतो आणि वरच्या भागातही फारशी गोडी उरत नाही. सकाळी कापलेला कोंब त्याच दिवशी चावून बघा, शिजवायचीही गरज वाटत नाही इतका रसाळ असतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हे झाड घरी लावावं असं मला मनापासून वाटतं.

मात्र हे मेथी-कोथिंबिरीसारखं महिन्याभरात हातात येणारं पीक नाही. हे बहुवर्षायू झाड आहे. जमिनीखाली मुळांचा एक गड्डा तयार होतो, त्यात अन्न साठतं आणि त्या साठ्यावर कोंब वर येतात. गड्डा तयार व्हायच्या आधी कोंब कापले, तर झाड खंगतं. बी पेरल्यापासून पहिला खाण्याजोगा कोंब कापेपर्यंत मुंबईत साधारण वर्षभर जातं, थोडं जास्तच. तेवढा धीर असेल तरच पुढे जा.

अ‍ॅस्परॅगसवरची बहुतेक माहिती बर्फ पडणाऱ्या देशांतली आहे. तिथे थंडीत झाड पिवळं पडून झोपी जातं, वसंतात गड्डा जागा होतो, सहा-आठ आठवडे कोंब मिळतात आणि मग वर्षभर आराम. शिवाय नर्सरीत एक वर्षाचे तयार गड्डे मिळतात, ते लावले की काम अर्ध्यावर येतं. आपल्याकडे असे गड्डे सहज मिळत नाहीत, त्यामुळे बीच पेरायचं. आणि मुंबईच्या थंडीत पारा पंधरा-सोळाच्या खाली क्वचितच जातो, त्यामुळे झाड झोपत नाही. ते बारा महिने वाढत राहतं. याचा फायदा असा की परदेशात तिसऱ्या वर्षी मिळणारे कोंब इथे लवकर मिळतात. तोटा असा की झाड आपणहून विश्रांती घेत नाही, ती आपल्याला द्यावी लागते. त्यात भर म्हणजे आपला पाऊस. पेरू देशाच्या किनारपट्टीवरच्या वाळवंटात अ‍ॅस्परॅगसची मोठी शेती आहे. तिथे पाऊस जवळपास नसतोच, त्यामुळे शेतकरी पाणी तोडून झाडाला हवं तेव्हा झोपवतात आणि पाणी देऊन उठवतात. आपल्या हातात पाण्याचा नळ आहे, पाऊस नाही. म्हणून मुंबईत या झाडाची काळजी म्हणजे मुळांची काळजी, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

आधी ऊन आणि वजन

दिवसाला सहा तास थेट ऊन मिळालं तर उत्तम. चार तासांवरही झाड जगतं, पण दांडे बारीक राहतात. गच्ची सर्वांत चांगली, त्याखालोखाल पश्चिमेची गॅलरी.

दक्षिणेच्या गॅलरीबद्दल लोकांची फसगत होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर एक दिवस आणि जुलैच्या शेवटी एक दिवस दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो हाच. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे डिसेंबरात ज्या दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतल्या खोलीपर्यंत येतं, तिथेच मे-जूनमध्ये ते कठड्याबाहेर थांबतं. जानेवारीत ऊन बघून जागा ठरवली, तर उन्हाळ्यात झाड सावलीत अडकतं. अशा गॅलरीत झाडाची ग्रो बॅग, म्हणजे मातीची मोठी पिशवी, पुढेमागे सरकवता येईल अशी ठेवावी लागते. तयार झालेलं झाड सरकवणं एकट्याचं काम नाही, म्हणून खाली चाकांची फळी घाला.

आता वजन. एका झाडाला किमान १८ इंच खोल आणि तेवढीच रुंद ग्रो बॅग लागते. तिच्यात जवळजवळ ७० लिटर माती मावते आणि पाणी घातल्यावर तिचं वजन ६० किलोच्या पुढे जातं. हे खिडकीच्या ग्रीलवर ठेवायचं नाही, कितीही मजबूत वाटली तरी नाही. खाली माणसं चालतात. गॅलरीत ठेवणार असाल तर भिंतीलगत ठेवा, कठड्याच्या टोकाला नको. गच्चीवर ठेवायची असेल तर सोसायटीच्या कमिटीला विचारा आणि पिशवी थेट लादीवर न ठेवता विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, म्हणजे वॉटरप्रूफिंगची तक्रार येणार नाही. गच्चीवाल्यांसाठी २०० लिटरचा निळा ड्रम आडवा कापून केलेली दोन अर्धी पिंपंही छान. एका अर्ध्या पिंपात दोन झाडं बसतात.

किती झाडं लावायची? एका झाडावरून एका वेळी हातात चार-सहा कोंबांपेक्षा जास्त काही येत नाही. चौघांच्या घरात एका वेळची भाजी व्हावी असं वाटत असेल तर चार ते सहा झाडं हवीत. जागा एकाच पिशवीची असेल तरी लावा, फक्त अपेक्षा तेवढीच ठेवा.

बी

नर्सरीत जाऊन नुसतं नाव सांगितलं तर तीन वेगळीच झाडं हातात पडू शकतात. एक, आपली औषधी शतावरी. तिचा वेल चढतो, त्याला काटे असतात आणि मुळं पांढरी, बोटभर जाडीची, घोसाने येतात. दुसरं, दादरच्या फूलबाजारात गुच्छांत घालतात ती झिरझिरीत, आडव्या पसरलेल्या पानांची शोभेची फांदी. तिसरं, टांगत्या कुंडीतलं खाली लोंबणारं शोभेचं झुडूप. तिन्ही एकाच कुळातली, पण बाजारात जुडीने मिळणारा कोंब यांतल्या एकाचाही नाही. पाकिटावर अ‍ॅस्परॅगस ऑफिसिनॅलिस हे नाव असल्याची खात्री करून घ्या.

वाणांत मेरी वॉशिंग्टन सर्वांत सहज मिळतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तांबेरा रोगाला तोंड द्यायला तयार केलेला हा वाण आहे, स्वस्त आहे आणि त्याच्या झाडावरचं बी धरून पुन्हा पेरता येतं. दुसरा यूसी १५७. हा १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेला संकरित वाण आहे आणि उष्ण प्रदेशांत चांगला चालतो. मिळाला तर मुंबईसाठी मी हाच घ्यायला सांगेन. जर्सी नावाने सुरू होणारे संकरित वाण थंड हवेसाठी केलेले आहेत, त्यांच्या मागे लागू नका.

पाकिटावरची पॅकिंगची तारीख नक्की बघा. जुनं बी कमी उगवतं आणि उशिरा उगवतं. सहा झाडं हवी असतील तर वीस बिया पेरा. काही उगवणार नाहीत, काही रोपं अशक्त निघतील आणि उरलेल्यांतून निवड करायला मिळेल. हे झाड पुढची कित्येक वर्षं जागा अडवणार आहे, त्यामुळे निवड महत्त्वाची.

पेरणी कधी आणि कशी

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरची सुरुवात. पाऊस गेलेला असतो, हवेत उष्णता असते आणि या बियांना उगवायला २५ ते ३० अंश तापमान लागतं. मुंबईचा ऑक्टोबर त्यांना अगदी मानवतो. शिवाय तेव्हा पेरलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोपाला सात महिने मिळतात. जूनमध्ये पेरलेली कोवळी रोपं पहिल्याच पावसात कुजतात. फेब्रुवारीतही पेरता येतं, पण मग पहिला पावसाळा रोपांना छपराखालीच काढावा लागतो.

बी काळं, टणक, मिरीच्या दाण्याहून थोडं लहान असतं. कोमट पाण्यात चोवीस तास भिजत घाला, मध्ये एकदा पाणी बदला. मग मटकीला मोड आणतो तशाच पद्धतीने ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. फरक दोन. मटकीला एका रात्रीत मोड येतात, याला दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कितीही लागू शकतात. आणि फडकं पिळून घट्ट ओलसर असावं, पाणी निथळणारं नको, कारण इतके दिवस ओलं राहिल्यावर बुरशी धरते. दर दोन दिवसांनी बिया चाळणीत धुवा, फडकं बदला, डबा थोडा वेळ उघडा ठेवा. ज्या बीला वास येतो किंवा दाबल्यावर मऊ लागते ती काढून टाका.

आठवडा-दीड आठवड्यात बघायला सुरुवात करा. बी एका टोकाला चिरतं आणि आतून पांढरं मूळ डोकावतं. कोंब अजून कुठेच नसतो. हे झाड आधी खालीच जातं. मूळ अर्धा सेंटिमीटर झालं की लगेच पेरा. लांब वाढू दिलं तर ते फडक्याच्या धाग्यांत अडकतं आणि सोडवताना तुटतं.

पेरायला दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या उत्तम. वरचं टोक कापून धुऊन घ्या, खाली चार-पाच भोकं पाडा. या मुळाला खोली लागते आणि दुधाची पिशवी अरुंद व खोल असते. चहाचे कागदी कप फार उथळ पडतात. आत निम्मं कोकोपीट आणि निम्मं गांडूळखत. कोकोपीट आधी दोन-तीन वेळा पाण्यातून पिळून काढा, त्यात मीठ असतं. बोटाने एक-दीड सेंटिमीटर खड्डा करा, मूळ खाली करून बी ठेवा, हलक्या हाताने झाका.

पाच-सात दिवसांत वर जे येतं ते पाहून नवखे लोक हमखास विचारतात, हे तण तर नाही? एक हिरवा तंतू, जेमतेम मिलिमीटरभर जाड, टोक किंचित वाकलेलं, पान म्हणून काही नाही. दहा-बारा सेंटिमीटर उंच झाला की त्याच्या बाजूंनी सुयांसारखी बारीक हिरवी पानं फुटतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तीही पानं नाहीत, बारीक फांद्याच आहेत. खरी पानं म्हणजे दांड्यावर चिकटलेले ते इवलेसे खवले. तीन-चार आठवड्यांनी बुडातून दुसरा कोंब येतो, पहिल्यापेक्षा जरा जाड. मग तिसरा, त्याहून जाड. प्रत्येक नवा कोंब आधीच्याहून दमदार असेल तर समजा मुळं नीट चालली आहेत. नवा कोंब आधीच्याहून बारीक आला तर पाणी जास्त होतंय किंवा ऊन कमी पडतंय.

पहिले दोन महिने सकाळचं ऊन पुरे, त्यानंतर हळूहळू पूर्ण उन्हात न्या. आणि जाळी लावा. मुंबईतली कबुतरं ही कोवळी रोपं उपटून घरट्यासाठी नेतात. गॅलरीला आधीच कबुतरांची जाळी असेल तर काम झालं.

मोठ्या पिशवीत

जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. रोपाला तीन-चार दांडे फुटलेले असतील आणि दुधाच्या पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर डोकावत असतील. आता पक्की जागा द्यायची.

नर्सरीत मिळणारी लाल माती आपल्याकडे बहुतेक कोकणातली जांभ्याची असते, म्हणजे आम्लधर्मी. अ‍ॅस्परॅगसला साडेसहा ते साडेसात सामू (पीएच) लागतो. त्यामुळे माती भरायच्या पंधरा दिवस आधी एका पिशवीच्या मातीत मूठभर शेतीचा चुना किंवा डोलोमाइट कालवून, थोडं पाणी शिंपडून ठेवा. हे बरेच लोक टाळतात आणि मग वर्षभर खतं बदलत बसतात. माझं मिश्रण असं: तीन भाग लाल माती, तीन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, अडीच भाग कोकोपीट, दीड भाग जाडी वाळू. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड, मूठभर हाडांचं खत आणि दोन चमचे ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) पावडर. वजन कमी करायचं असेल तर वाळूऐवजी पर्लाइट, म्हणजे हलके पांढरे खनिज दाणे. चौपाटीची वाळू आणू नका. हे मूळचं युरोपातल्या समुद्रकाठीही उगवणारं झाड आहे आणि थोडा खारेपणा सहन करतं, त्यामुळे बोअरवेलचं किंवा टँकरचं जडसर पाणी त्याला चालून जातं. पण कुंडीत मीठ साठत जातं, वाळूतून मुद्दाम आणखी घालायची गरज नाही. किनाऱ्यावरून वाळू उचलू नये, हे तर आहेच.

पिशवीला बाजूंनी, तळापासून इंचभर वर, आठ-दहा भोकं पाडा. माती काठापासून १५ सेंटिमीटर खाली राहील इतकीच भरा. मध्ये मातीचा छोटा उंचवटा करा, दुधाची पिशवी ब्लेडने कापून रोप मातीसकट उचला, मुळं उंचवट्यावरून चारी बाजूंना पसरू द्या आणि त्यावर पाच-सहा सेंटिमीटर माती टाका. उरलेली जागा तशीच रिकामी ठेवा. पुढच्या तीन-चार महिन्यांत दांडे वाढतील तसतसं गांडूळखत आणि माती थोडी थोडी टाकत काठापर्यंत या. एकदम भरली तर कोवळे दांडे गाडले जातात.

पाणी देताना बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. हिवाळ्यात एक दिवसाआड पुरतं, एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी. खत दर तीन आठवड्यांनी ओंजळभर गांडूळखत, महिन्यातून एकदा भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पातळ पाणी. झाड मीटरभर उंच होतं आणि वाऱ्याने कोलमडतं, म्हणून चार बाजूंना बांबूच्या काठ्या रोवून सुतळी फिरवा. मातीवर वाळलेल्या पानांचं किंवा नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन मेपर्यंत ठेवा.

आणि या काळात एकही कोंब कापायचा नाही. मोह होतो, कारण एप्रिलपर्यंत पेन्सिलीच्या निम्म्या जाडीचे कोंब दिसायला लागतात. पण वर दिसणारा तो हिरवा झुपका खाली मुळांत साठा पाठवत असतो.

मेमध्ये गावी जाणाऱ्यांनी पाण्याची सोय आधी करावी. बाटलीला सुईने भोक पाडून उलटी रोवण्याची युक्ती एवढ्या मोठ्या पिशवीला चार दिवसांच्या वर पुरत नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली देणं अजूनही सर्वांत भरवशाचं.

पावसाळा

इथे जरा थांबा, कारण मुंबईत अ‍ॅस्परॅगस मरतं ते बहुतेक वेळा याच चार महिन्यांत. सांताक्रूझला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. मुळांचा मांसल गड्डा सतत ओल्यात राहिला की त्याला बुरशी लागते. वर झाड पिवळं दिसेपर्यंत खाली गड्डा मऊ पडलेला असतो, आणि मग काही उपाय चालत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ही तयारी करा. पिशवी विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालूनही पाणी निथळेल. भोकांत काडी घालून ती उघडी आहेत ना बघा. मुळांनी बरीच भोकं बुजलेली असतात. आच्छादन काढून टाका. खालची ताटली काढाच. तिच्यात साचलेलं पाणी मुळं कुजवतं आणि डेंग्यूचे डासही तिथेच वाढतात. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघरी येऊन नेमक्या याच ताटल्या तपासतात. सगळे बारीक, पिवळे, गर्दी करणारे दांडे बुडातून कापा आणि फक्त पाच-सहा जोमदार ठेवा. त्यांच्याही खालच्या ३० सेंटिमीटरमधल्या फांद्या काढा, म्हणजे बुडाशी वारा खेळेल.

डोक्यावर छप्पर असणं सर्वांत चांगलं. तैवानमध्ये मोठे शेतकरीसुद्धा पावसापासून वाचवायला या पिकावर प्लास्टिकचं छत उभारतात, ते याचसाठी. गॅलरीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असेल तर तुम्ही नशीबवान. गच्चीवर बांबूवर जाड पारदर्शक प्लास्टिक ताणून बांधा, बाजू मोकळ्या ठेवा. बाजू बंद केल्या तर आतल्या दमटपणाने रोग आणखी वाढतो.

दर दोन-तीन दिवसांनी दांड्यांचा खालचा हातभर भाग जवळून बघा. तपकिरी, लांबट, मध्ये फिकट झालेला डाग आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले, तर तो दांडेकरप्याचा रोग. आशियातल्या पावसाळी भागांत या पिकाचा हा मोठा शत्रू आहे. डाग दिसलेला दांडा त्याच दिवशी मातीलगत कापा, कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. पावसाच्या थेंबांनी तो शेजारच्या दांड्यावर उडतो. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि मध्ये उघडीप मिळाली की एकदा एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण फवारा. कोकणातले सुपारीवाले मोरचूद आणि चुन्याचं हेच मिश्रण वापरत आले आहेत. फवारलेल्या झाडाचे कोंब खायचे नाहीत, पण पावसाळ्यात आपण कापणी करतच नाही, त्यामुळे अडचण येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खत बंद.

मावा, पिठ्या ढेकूण आणि उन्हाळ्यातले लाल कोळी अधूनमधून येतात. पाण्याचा जोरदार फवारा आणि आठवड्याने निंबोळी तेल, एवढ्यावर भागतं.

कापणी

पेरणीच्या पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर. पावसाळा पार पडलेला आहे, नवे कोंब पेन्सिलीएवढे जाड येत आहेत. आता थंड देशांसारखं सगळं कापून चालणार नाही, कारण आपल्या झाडाला झोप नाही. तैवान, थायलंडमध्ये जी पद्धत चालते ती इथे लागू पडते: काही दांडे राखायचे आणि बाकीचे खायचे.

प्रत्येक झाडावर चार दांडे निवडा. जाड, निरोगी, एकमेकांपासून लांब, चारी बाजूंना. त्यांना पूर्ण वाढू द्या. सव्वा मीटरवर त्यांचे शेंडे खुडा, खालच्या फांद्या काढा, काठीला बांधा. हे राखीव दांडे ऊन खाऊन अन्न तयार करतील आणि त्यावर जे नवे कोंब येतील ते सगळे तुमचे. रोज सकाळी बघायचं. मुंबईच्या उष्णतेत कोंब एका दिवसात बोटभर सहज वाढतो आणि शेंडा लवकर सुटतो. म्हणून २० सेंटिमीटरची वाट न पाहता १५ झाला, शेंडा घट्ट मिटलेला असला, की धारदार सुरीने मातीलगत कापा. शेंड्यावरचे खवले विलग होऊ लागले की तो कोंब चिवट होणार. पेन्सिलीपेक्षा बारीक आलेला कोंब कापू नका.

दोन-अडीच महिन्यांत कोंब बारीक किंवा वाकडे यायला लागतात आणि राखीव दांडे पिवळट दिसू लागतात. तीच थांबण्याची खूण. कापणी बंद करा, नवे चार कोंब वर जाऊ द्या, ते पालवले की जुने राखीव दांडे बुडातून काढा. ओंजळभर शेणखत, मूठभर निंबोळी पेंड द्या आणि महिनाभर झाडाला हात लावू नका. यातून मुंबईत वर्षाला दोन हंगाम मिळतात, नोव्हेंबर ते जानेवारी आणि मार्च ते मे. पहिल्या वर्षी मी फक्त पहिला हंगाम घ्यायला सांगेन, तोही महिनाभरच. जून ते सप्टेंबर सगळं झाडाचं.

कापलेले कोंब लगेच शिजवायचे नसतील तर पेल्यात दोन बोटं पाणी घालून त्यात उभे करून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकतात. कढईत तेल, जिरं, ठेचलेला लसूण, तिरके कापलेले कोंब, मोठ्या आचेवर तीन मिनिटं, मीठ आणि ओलं खोबरं. झाकण ठेवू नका, रंग जातो. खाल्ल्यानंतर काही जणांना लघवीला उग्र वास जाणवतो. तो या भाजीतल्या गंधकयुक्त घटकांमुळे येतो, घाबरायचं कारण नाही.

नर आणि मादी

ही झाडं वेगवेगळी असतात आणि बियांपासून लावली की दोन्ही निघतात. साधारण वर्षाच्या आसपास सुयांच्या बगलेत हिरवट-पिवळी, घंटेच्या आकाराची, अर्ध्या सेंटिमीटरची फुलं येतात. भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून बघा. नराचं फूल थोडं लांब आणि आत पिवळे-नारिंगी परागकोश. मादीचं आखूड आणि मध्ये तीन टोकांचा कुक्षी. नर झाड जास्त कोंब देतं, मादी झाड कमी पण जाड, आणि तिची बरीच शक्ती फळांत जाते. जागा थोडी असेल तर नर ठेवा. मेरी वॉशिंग्टन असेल आणि पुढच्या पेरणीला बी हवं असेल तर एक मादी जरूर ठेवा. लाल झालेली फळं कुस्करून, बिया धुऊन, सावलीत वाळवा. संकरित वाणाचं बी धरू नका.

ती लालचुटूक फळं खाण्याची नाहीत, पोट बिघडवतात. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर पिकायच्या आधीच खुडून टाका.

छप्पर घालणं शक्य नसलेल्या, भर पावसात उघड्या गच्चीसाठी मात्र मी आपली शतावरीच सुचवेन. ती सह्याद्रीतली, या पावसातलीच आहे. तिचं बी पावसाळ्याच्या तोंडावर पेरायचं, भिजवण्याची पद्धत हीच, आणि वेलाला चढायला दोरी द्यायची. तिचे पावसाळी कोवळे कोंब रानभाजी म्हणून खातात. चव कडवट असते आणि कोंब बारीक असतात.

अ‍ॅस्परॅगसच्या पिशवीतली माती तीन-चार वर्षांत खाली बसते आणि गड्डा कडांना भिडतो. तेव्हा पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, पिशवी चिरून गड्डा बाहेर काढा. धारदार सुरीने दोन भाग करा, प्रत्येकात फुगीर डोळे आणि भरपूर मुळं येतील असं बघा. कापलेल्या जागेला राख किंवा ट्रायकोडर्मा लावून तासभर सावलीत सुकू द्या आणि नव्या मातीत, दोन वेगळ्या पिशव्यांत लावा. त्या हंगामात कापणी नाही. दुसरी पिशवी ठेवायला जागा नसेल तर बागकाम करणाऱ्या कुणालाही तो गड्डा द्या. त्यांची बियांची वाट पाहण्याची वेळ तरी वाचेल.